श्टीफमुटर आणि तुमच्या गळ्यातला टाक

काकू,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज भर वर्गात तुमच्यामुळे मला शिकवणं मध्येच थांबवावं लागलं. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं माझ्याकडे जर्मन शिकायला येतात. त्यातली एक म्हणाली, "मॅम, मुटर म्हणजे आई, कळलं. पण श्टीफमुटरमधलं श्टीफ म्हणजे एक्झॅक्टली काय?" मी आजवर 'सावत्र' सांगून पुढे सरकत आले. आज म्हटलं, बघू या तरी, आणि फोनवर शब्दाचं मूळ शोधलं. अहो, श्टीफ म्हणजे मुळात हिरावलेलं, पोरकं! श्टीफमुटर म्हणजे पोरक्या लेकराची आई. आपल्या 'सावत्र'मध्ये सवत ठाण मांडून बसलीय. त्यांच्या शब्दात सवत नाहीच, आई गेलेलं मूल तेवढं आहे. ते मूल म्हणजे मी, हे केस पांढरे झाल्यावर मला एका परक्या भाषेनं सांगावं? कमाल झाली!

तुम्ही दुसरेपणावर आलात. रीतीप्रमाणे पहिलीच्या, म्हणजे माझ्या आईच्या नावाचा चांदीचा टाक तुमच्या गळ्यात असायचा. सवतीची बाधा होऊ नये म्हणून घालतात, असं शेजारणी सांगायच्या. मला वाटायचं, या बाईनं माझ्या आईला बांधून ठेवलंय. एकदा तुम्ही स्वयंपाकघरात मंडईतली गवार मोडत बसला होतात. मी तो टाक धरून ओढला. "ही माझी आहे!" दोरा तुटला. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी डोळे गच्च मिटते, आणि तुम्ही म्हणता, "तुझीच आहे. मी नुसती सांभाळते. सुईदोरा आण, आणि पायाखालची गवार उचल."

परवा अविधवा नवमी. सवाष्णपणी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आईच्या नावानं तुम्ही दरवर्षी घालायचात, आता तुम्हा दोघींसाठी मी घालते. संध्याकाळी, संकल्पात कोणाकोणाचं नाव घ्यायचं ते विचारायला गुरुजींचा फोन आला.

"एक आई, एक सापत्नमाता. बरोबर?"

दरवर्षी मी 'हो' म्हणते. आज तोंडून निघून गेलं, "नाही. दोन्ही आई."

"असं शास्त्रात बसत नाही हो."

"मग बसवा."

फोन ठेवला. मी हे बोलले, यावर माझाच विश्वास बसेना. आणि एवढं करून या कागदावर वर पाहिलं, तर 'काकू'च लिहिलंय. "आई तिलाच म्हण, मला काकू चालेल," हे तुमचंच सांगणं. खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. गुरुजींना ठणकावून सांगितलं खरं, पण तुम्हाला तशी हाक मारायला मला अजून लाज वाटते.