पाउचमधली चिठ्ठी

१२ मे २००६, शुक्रवार. बदलापूर गाव.

मोठी पर्स आज खुंटीला टांगली. पट्ट्याखाली खांद्यावर घामोळं उठलंय, किती दिवस सोसायचं? उद्यापासून लहान पाउच. किल्ली, रुमाल, कंपनीचा पास, रिक्षापुरते सुटे पैसे. बाटली नको, कंपनीत कूलर आहे. छत्रीचं अजून ठरत नाही.

पर्स रिकामी करताना आईच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघाली. तिला जाऊन सहा महिने झाले, आणि मी त्या गोळ्या रोज एमआयडीसीत नेऊन परत आणत होते.

पाउचमध्ये एक चिठ्ठी मात्र नवी घातली. सोमवारी पॅकिंगमधल्या शिंदेबाई उन्हाने गेटवरच चक्कर येऊन पडल्या, तर घरी कळवायला कोणाकडे नंबर नव्हता. सुपरवायझर मला म्हणाला, "मॅडम, एक नंबर लिहून जवळ ठेवा ना. आम्ही फोन कोणाला लावायचा?" म्हणून आज आल्याआल्या चिठ्ठी लिहिली, घडी करून पाउचमध्ये टाकली. पाउच उचलून पाहिला, वजनच नाही. बरं वाटलं.

जेवताना लक्षात आलं, मी घरचाच नंबर लिहिलाय. इतकी वर्षं प्रत्येक फॉर्मवर हाच लिहीत आले. आई असायची ना उचलायला.

चिठ्ठी बाहेर काढून बसले. दुसरा कोणाचा लिहू? समोरच्या वहिनींचा मागता येईल, पण काय सांगून मागायचा? शेवटी तशीच परत ठेवली.

म्हणजे उद्या मी कुठे पडले, तर फोन इथे वाजणार. आणि या दाराची किल्ली चिठ्ठीशेजारीच, पाउचमध्ये.