जिन्याच्या कडेचे दिवे

प्रिय चिमणे,

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून हे लिहून कळवतोय. माझा जुना पसारा पुन्हा जेवणाच्या टेबलावर आलाय. सोल्डरिंगचा वास, वायरींचे तुकडे, पुडीभर एलईडी. पूर्वी आई याला उकिरडा म्हणायची. आता मुकाट्याने ताट मांडीवर घेऊन जेवते, ते मला जास्त टोचतं.

जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला एकेक दिवा लावतोय. आधी लाल लावले, फोनच्या जुन्या चार्जरवर. एलईडीला वीज बेतानेच द्यावी लागते, नाहीतर तो जळतो. म्हणून प्रत्येकाच्या आधी तीनशे तीस ओहमचा रेझिस्टर जोडला. तो वीज अडवून धरतो. मला उजेड पुरेसा वाटला. आई म्हणाली, "मंद आहेत हो." मग कमी अडवणारा, दीडशेचा घातला. तरी शेवटच्या पायरीवर तिचा पाय चुकलाच. मनगट मुरगळलं म्हणून तुला सांगितलं होतं ना, ते भाजीची पिशवी उचलताना नव्हे.

चिमणे, तिची नजर जातेय. चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच तुला सांगायचं, असं तिने मला बजावलं होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. मी तिथून निघालो तो थेट दुकानात. दुसरं काय सुचणार? म्हटलं, सगळ्यात प्रखर पांढरे द्या. त्यांना शंभर ओहम लागतात, तेवढे लावले. तरी ती पायाने पायरी चाचपतच उतरली. मग मी हिशेबच सोडला आणि सत्तेचाळीसचे जोडले. जन्मभर हा नाद केलेला माणूस मी, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. दिवे लखलखले, तापले आणि आठवडाभरात एकेक करून गेले.

काल पुन्हा नवे बसवले, शंभरावर. संध्याकाळी जिन्यात अंधार झाल्यावर तिला हाक मारली. कठडा धरून ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग हसून म्हणाली, "अहो, आता कसे छान दिसतायत! झालं ना तुमच्या मनासारखं?"

मी दिव्यांचं बटण अजून दाबलंच नव्हतं.

"हो ना," म्हटलं. हाताला धरून तिला खाली आणलं, आणि न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

दिवसाउजेडी, खिडकीशी, अगदी जवळून पाहिलं तर तिला चेहरा अजून कळतो. परवा माझ्या हनुवटीवर राहिलेली दाढी तिने बरोबर दाखवली. म्हणून हे पत्र. मोठी सुट्टी मिळाली की येते म्हणतेस, तेवढी थांबू नकोस. साहेबांना काय सांगायचं ते सांग, पण ये. मी बोलावलं हे तिला कळू देऊ नकोस. सहज आले म्हण. आलीस की खिडकीपाशी तिच्यासमोर बस आणि तिला हवा तेवढा वेळ तुला बघू दे. तेवढा वेळ फक्त रडू नकोस.

तुझाच, हात टेकलेला,
बाबा