नाखव्याच्या बाकावरची कॉफी

शुक्र., १० जानेवारी १९५८
सुट्टी. शुवैखच्या गोदामाकडून चालत गावात. बंदराजवळच्या कहवाखान्यात आज पाचव्यांदा. नाखवा, गलबताचा म्हातारा अरब कप्तान, त्याच्या ठरलेल्या बाकावर. याच्याच गलबतावर आमचा उस्मान, माझ्या बहिणीचा, जैनबचा नवरा, खलाशी होता. सात वर्षांमागे गलबत परत आलं, उस्मान आला नाही. म्हातारा आता समुद्रावर जात नाही, इथेच बसतो, आणि बाकावर येईल त्याला आपल्या हाताने कॉफी ओततो. बिनसाखरेची, वेलचीची, कडू जहर. प्यालो. त्याने मुंबईच्या गोष्टी सांगितल्या, जयगडच्या खाडीच्या सांगितल्या. मान डोलावली. पुन्हा प्यालो. उठून आलो. उस्मानचं विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, धीरच झाला नाही. गोदामात हमालांवर ओरडायला बरा आवाज फुटतो!

रवि., १९ जाने.
जैनबचं पत्र. कुणाकडून तरी लिहून घेतलंय, पण बोलणं तिचंच. ‘भाय, मास्तर रमजानपर्यंत थांबतील, मंग नाय. मौलवीसाब बोलतात, मेल्याची साक्ष आना, नायतर तलाकचा कागद आना. मी कोनाची बायको हाय ता तरी सांग.’
जैनबला मागणी घातलेले मास्तर बिजवर आहेत, पण माणूस सोन्यासारखा. उस्मानशी तिचा संसार सगळा दोन महिन्यांचा. लग्न मीच जमवलं होतं. मुलगा कष्टाळू आहे म्हणालो होतो.

शुक्र., २४ जाने.
आज हसनचाचांना बरोबर नेलं. खोलीतले आमचे वडीलधारे, बारा वर्षं इथे स्वयंपाकी, अरबी पाण्यासारखं बोलतात. मी हिय्या करून उस्मानचं नाव काढलं. नाखवा म्हणाला, “अल्ला को मालूम.” पुन्हा कप भरला. मी प्यालो. परत येताना चाचा रस्त्यातच भडकले.
“तू कप चाटून पितस आनी उठतस. मंग तो कशाला इचारील?”
“मग काय सांडू?”
“खाली ठेव! हात लावू नको. मागना असला का हे लोक कप खाली ठेवतात. यजमान बोलतो, पी, तुजा काम झाला. तो बोलला का मंग त्याला फिरता येत नाय.”
सहा शुक्रवार! आई म्हणायची, परक्याच्या दारात पेल्यात काही ठेवू नये, माजल्यासारखं दिसतं. तिचं ऐकलं आणि मुकाट पीत बसलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शुक्र., ३१ जाने.
ठेवला. थोडी सांडली. बाकावरचे दोघे वळून बघू लागले. नाखव्याने कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “पियो. हो गया तुम्हारा काम.”
प्यालो. इतकी गोड कधी लागली नव्हती.
मग सांगितलं. उस्मान समुद्रात गेला, एवढं कागदावर लिहून द्या. माझी बहीण मोकळी होईल.
म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. कॉफीची किटली खाली ठेवली. “और कुछ माँगो.”
“एवढंच.”
“झूठी गवाही मैं नहीं देता.”
खोटी. म्हणजे उस्मान जिवंत आहे! कुठे? काय करतो? दुसरं घर केलंय का? एकामागून एक विचारत सुटलो. त्याने तोंड समुद्राकडे फिरवलं. म्हणाला, “उसको भी ज़बान दी है कि नहीं बताऊँगा.”
सात वर्षं आम्ही मेला समजून त्याच्या नावाने फातिहा पढतोय, आणि...

शुक्र., ७ फेब्रु.
बाक रिकामा. कॉफीवाला म्हणाला, तब्येत बरी नाही.

मंगळ., ११ फेब्रु.
जैनबला पत्र लिहायला बसलो. ‘उस्मान वारला’ असं लिहिलं. अक्षर छान आलं होतं. कोण तपासायला येणार आहे? मौलवी? मग फाडलं. दुसरं लिहिलं, ‘उस्मान जिवंत आहे.’ तेही फाडलं. नुसतं जिवंत आहे कळून तिने काय करायचं? पत्ता नाही, कागद नाही. मास्तर तर त्याच दिवशी हात झटकतील.
चाचा म्हणाले, मिटवून टाक, मेला म्हन. आणि उद्या तो येऊन दारात उभा राहिला तर?

शुक्र., १४ फेब्रु.
बाक रिकामा.

शुक्र., २१ फेब्रु.
तेच. एवढा उंच म्हातारा, साध्या गोदामवाल्याला घाबरून घरी बसलाय. मला हसू यायला हवं होतं.

रवि., २ मार्च
दुपारी नाखवा स्वतः गोदामात आला. एवढं अंतर काठी टेकत. हमाल उठून उभे राहिले. मी खोक्यावर सतरंजी टाकून बसवलं, चाचा डबा द्यायला आले होते त्यांनीच चहा केला, आपला, दुधाचा. दोन्ही हातांनी पुढे केला.
त्याने घेतला. खाली ठेवला. हात काढून घेतला.
चाचांनी माझ्याकडे पाहिलं.
त्याला काय हवं ते मला न सांगताच कळलं. दिलेला शब्द मी त्याला परत करायचा, आणि उस्मानचं नाव पुन्हा काढायचं नाही. “प्या” म्हटलं की संपलं. मग मलाही फिरता येणार नाही.
चाचा हळूच म्हणाले, “बोल रे. म्हातारा मानूस हाय.”
त्याचे डोळे पाणावले होते. माझेही. या माणसाचा मला राग यायला हवा, तो येत नाही. तोंड उघडलं. जैनबचं ते वाक्य आठवलं, कोनाची बायको. तोंड मिटलं.
चहावर साय धरली. तो आणखी बसला, मग काठी घेऊन उठला. सलाम केला. मी दारापर्यंत गेलो, ‘प्या’ म्हटलं नाही.
रमजानला तीन आठवडे आहेत.
कप खोक्यावर तसाच आहे. हमालाने उचलायला हात घातला, मी त्याच्यावर ओरडलो.