गंजक्या खिळ्याचं खरं नाव

मी, ऑर्वो केत्तुला, वय वर्षे ७३, निवृत्त वायरमन, राहणार कुइक्कासाल्मी, फिनलंड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना, राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. ते पूर्वीही असतं, तर कलम चार लिहावं लागलं नसतं.

१. राहतं घर, सरोवराकाठची वाफेच्या अंघोळीची सौना आणि बँकेतली शिल्लक माझी भाची मेर्वी हिला. सौनाचं छप्पर गळतं. "मामा, कधी दुरुस्त करणार?" असं ती सहा वर्षं विचारत होती. आता तिनेच करावं.

२. मासेमारीसाठी बर्फाला भोक पाडायचं गिरमिट शेजारी रेइयो याला. एका दिवसासाठी म्हणून नेलेलं ते अकरा वर्षं त्याच्याकडेच आहे, तेव्हा ताबा देण्याचा प्रश्न येत नाही.

३. माझा संगणक मोडीत काढावा. आमच्या गावच्या, दर गुरुवारी निघणाऱ्या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर, बातम्यांखाली 'गंजका खिळा' या नावाने टोमणे मारणारा इसम मीच. कोणी काही चांगलं करायला निघालं की "सगळे एकाच माळेचे मणी" असं लिहायचं आणि लोकांच्या हसण्यावर खूश व्हायचं, हा नऊ वर्षांचा उद्योग.

४. समोरच्या घरातली तूलिक्की राउहाला गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. शाळा बंद पडू नये म्हणून ती नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. मी लिहिलं, "बाईंना शाळेची नाही, पातेल्याची काळजी." दुसऱ्या दिवशी ती माझ्याच स्वयंपाकघरात येऊन रडली.

"कोण रे हा मेला गंजका खिळा? मी काय वाकडं केलंय त्याचं?"

"सोड गं," मी म्हणालो. "रिकामटेकडा असेल कोणी."

मतदानाच्या रविवारी मी घरीच बसलो आणि लिहिलं, "खुर्ची बदलते, बूड तेच." मत देऊन आल्यावर कॉफी पिण्याची आमच्याकडे रीत आहे. मी मत न देताच तिच्याकडे कॉफीला गेलो.

"दिलंस ना मला?" तिने केक वाढत विचारलं.

"हे काय विचारणं झालं!" असं म्हणून मी दुसरा तुकडा घेतला.

संध्याकाळी निकाल लागला. शेवटच्या जागेसाठी तूलिक्कीला आणि दुसऱ्या एका उमेदवाराला सारखीच मतं, एकोणपन्नास. कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकली, ती दुसऱ्याची निघाली. ऑगस्टपासून शाळेला कुलूप आहे आणि अठरा मुलं रोज चाळीस किलोमीटर बसने जातात. बस माझ्या खिडकीसमोर थांबते. मी पडदा ओढून घेतो. मला माझी लाज वाटते.

तूलिक्कीला घर देऊन मोकळं व्हावं असं आधी मनात होतं. पण मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याला त्याचा साक्षीदार होता येत नाही, आणि हे तिला साक्षीला बसवून तोंडावर वाचून दाखवायचं होतं. म्हणून तिला काही नाही.

५. कलम तीन व चार माझ्या मृत्यूनंतर साप्ताहिकात माझ्या पूर्ण नावानिशी छापावीत.

ठिकाण: कुइक्कासाल्मी
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५

(सही) ऑर्वो केत्तुला

साक्षीदार:
१. (सही) हेइम्मो लाहदे, पोस्टमन
२. (सही) तूलिक्की राउहाला. सगळं ऐकलं. कलम पाचमधले 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द माझ्या सांगण्यावरून ऑर्वोने खोडले आहेत. तिथे 'येत्या गुरुवारी' असे वाचावे.