पाकिटावरची यमुताई

महाल, नागपूर
१४ सप्टेंबर २०२३

ती. धम्मानंदमामांना मिनलचा सप्रेम जयभीम.

तुमच्या डोंगरावर फोनला रेंज नाही, म्हणून कॉलेजनंतर पहिल्यांदा पानभर लिहायला बसले. अक्षराला हसू नका. मला लिहायला तुम्हीच शिकवलं होतं, तेव्हा निम्मा दोष तुमचा.

चिखलदऱ्याची कॉफी महालात विकणार म्हटल्यावर आईनं कपाळाला हात लावला होता. आता समोरचा तर्रीपोहेवालासुद्धा सकाळी कप मागवतो, आणि सिव्हिल लाइन्सची दोन ऑफिसं दर महिन्याला पाकिटं नेतात. बारा घरांची कॉफी आहे, व्यापाऱ्याहून चांगला आणि आधी ठरलेला भाव देऊन घेतो, असं सांगितलं की लोक खुशीनं जास्त किंमत देतात. पण मग विचारतात, ही माणसं आहेत तरी कोण?

म्हणून नव्या लेबलवर यमुताईंचा फोटो टाकते आहे. मी त्यांच्या कॉफीच्या झुडपांत पाय घसरून पडले तेव्हा त्या खदखदून हसल्या होत्या ना, तोच. त्यांना विचारलं होतं. टाक म्हणाल्या.

गुडघ्याला तेल लावता का? माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची मिनल


चिखलदरा
२९ ऑक्टोबर २०२३

चि. मिनल हिला मामाचा जयभीम आणि मंगल कामना.

पाकिटं एस.टी.तून पोचली. यमुताई एक घेऊन घरोघर फिरली. नवरा गेल्यापासून तिला एवढं आनंदात कोणी पाहिलं नव्हतं.

चार दिवसांनी लहानू माझ्याकडे आला. त्याची झुडपं सगळ्यांत जास्त, हे तुला माहीत आहे. त्यानं शांतपणे विचारलं, की पाकिटात माल बारा घरांचा, मग तोंड एकाच बाईचं कसं? मी म्हटलं, तुझ्या मिशा पाहून गिऱ्हाईक पळेल. तो हसला नाही. आता गावात बोललं जातं, की यमुताईला तोंडाचे पैसे वेगळे मिळतात.

बेटा, तो फोटो काढून टाक. तुझी नियत साफ आहे, हे मला सांगायला नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

मामा


नागपूर
१० नोव्हेंबर २०२३

ती. मामांना सप्रेम जयभीम.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. चार हजार लेबलं छापून झाली आहेत. ती फेकायची ऐपत नाही, आणि विक्री वाढली आहे ती त्या हसऱ्या चेहऱ्यामुळेच. विक्री वाढली तर फायदा बाराही घरांचाच ना?

पुढच्या छपाईत सगळ्यांचे फोटो घेईन. तोवर बैठक बोलवा आणि यमुताईंना वेगळा एक रुपयाही मिळत नाही, हे स्वच्छ सांगा. तुमचा शब्द गाव मोडणार नाही. एवढा एक हंगाम सांभाळून घ्या. मी स्वतः यायला हवं, पण दुकान सोडून निघता येत नाही.

रागावू नका, आणि रागावलात तरी आपलीच समजा.

मिनल


चिखलदरा
२७ जानेवारी २०२४

चि. मिनल हिला जयभीम.

बैठक घेतली होती. यमुताई उभी राहिली आणि काही मिळालं नाही म्हणाली. मीही सांगितलं. लहानूच्या बायकोनं विचारलं, की कोणी फुकट कशाला हसेल? लोक उठून गेले. चाळीस वर्षं ज्यांच्या पोरांना शिकवलं, त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

आमच्याकडे तोडणी एकमेकांच्या मदतीनं होते. आज तुझ्या वाडीत, उद्या माझ्या. यमुताई गेल्या डिसेंबरात अकराही घरांच्या तोडणीला गेली. तिच्या वाडीचा दिवस आला तेव्हा कोणी आलं नाही. मी टोपली घेऊन गेलो. आम्ही दोघं म्हातारी चार दिवस तोडत होतो. उरलेली फळं झाडावरच काळी पडली.

सात घरं व्यापाऱ्याकडे परत गेली. लहानूनं तोंडावर सांगितलं, "तो भाव कमी देते गुरुजी, पण कोणाचं तोंड छापत नाही."

परवा यमुताईनं कोयत्यानं सगळी झुडपं बुडापासून तोडली. मी हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. मग माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "गुरुजी, माहं तोंड मले वापस आणून द्या." काल ती लेकीकडे परतवाड्याला निघून गेली. घराला कुलूप आहे.

तुला दोष देत नाही. शब्द मी दिला होता. आणखी काही लिहवत नाही.

मामा


नागपूर
१८ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना जयभीम.

परतवाड्याला जाऊन आले. त्याआधी ऑफिसांना नाही म्हणून कळवलं. उरलेल्या घरांना व्यापाऱ्याकडे जायला सांगा. बारा घरांची कॉफी असं आता कोणत्या तोंडानं सांगू?

लेकीची एकच खोली आहे. यमुताईंनी पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. मी पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. उरलेली अकराशे लेबलं पुढे ठेवली. त्यांनी गठ्ठा सोडला आणि मूठमूठ करून चुलीत घातली. वर आंघोळीचं पाणी तापत होतं.

सगळी संपल्यावर विचारलं, "बाकीचे कुठी हायेत वं?"

मी सांगितलं, की विकली गेली, लोकांच्या घरी आहेत. किती, असं विचारलं. म्हटलं, तीन हजाराच्या जवळपास.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. राखेकडे पाहत म्हणाल्या, "मंग काय. तिथं हासूनच राहिली असन मी." आणि बादली घेऊन उठल्या.

मामा, लोभ मागायची हिंमत नाही. उरला असेल तर असू द्या.

मिनल