अस्वलाचा पोशाख

अप्पा, आज मी क्लासला सुट्टी टाकली. लातुरात बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवणाऱ्या माणसानं परीक्षेच्या तोंडावर सुट्टी टाकणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हा गल्लोगल्ली क्लास नव्हते. क्लासच्या मालकांनी फोनवर विचारलं, "सर, घरी कुणी आजारी हाय का?" मी म्हणालो, "न्हाई. पोरीचा ड्रेस शिवायचाय." तिसरीतली तुमची नात उद्या गॅदरिंगमध्ये झाड होणार आहे. सगळ्यांचे पोशाख दुकानातून भाड्यानं येतात, बायकोही तेच म्हणाली. पण मी हट्टाला पेटलोय. हा पोशाख मीच शिवणार आणि तो स्टेजवर टिकणार.

भूकंपाच्या वर्षी मी चौथीत होतो. शाळेच्या भिंतींना तडे गेलेले, म्हणून गॅदरिंग मैदानात होतं, आणि आपणही अजून अंगणात पत्र्याखालीच झोपत होतो. मला अस्वलाचं काम मिळालं. तुम्ही आडतीवर दिवसभर पोती उचलायचात, तिथूनच तुरीची दोन फाटकी पोती आणलीत, भिजवून, बडवून वाळवलीत आणि दाभण-सुतळी घेऊन बसलात. कानांत चिंध्या भरल्या. गॅदरिंगच्या दिवशी मला आत घालून तुम्ही पाठ शिवताय, माझ्या नाकात भुसा जातोय, मी शिंकतोय आणि तुम्ही हसताय. "हलू नको की. लई भारी अस्वल दिसायलंय."

एकच चूक झाली. हमाल पोत्याचं तोंड शिवतो ते पुढे कुणीतरी उघडणार हे धरूनच: लांब लांब टाके, शेवटी सुरगाठ, टोक ओढलं की सगळी सुतळी हातात. तुमच्या हाताला तीच सवय. स्टेजवर मदारी झालेल्या पोरानं लोंबतं टोक अस्वलाची दोरी समजून ओढलं, आणि मी चड्डीवर उभा. सगळं मैदान हसलं. मी रडत मागे पळालो. बाईंनी विचारलं, "कुणी शिवलं रे हे?" मी म्हणालो, "आमच्या गल्लीतल्या एका हमालानं." तुम्ही दाभण घेऊन धावत आला होतात आणि माझ्या मागेच उभे होतात. तिथंच खाली बसून पोतं परत शिवलंत, या वेळी पक्की गाठ मारलीत. "जा," म्हणालात, "तुजं काम अजून बाकी हाय." मी गेलो आणि नाचलो.

आता पुढ्यात हिरवं कापड पसरलंय. टाके जवळजवळ घालतोय, दर चार बोटांवर गाठ मारतोय, दोनदा सुई टोचून घेतली. मालकांचे आणखी दोन फोन आले, उचलले नाहीत. पोरगी मैत्रिणीला फोनवर सांगायलीय, "माझा ड्रेस माझ्या बाबांनी शिवला." किती सहज म्हणाली. ते ऐकून मला सुई खाली ठेवावी लागली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. त्या दिवशी, तुम्हाला गल्लीतला हमाल म्हणालो म्हणून, घरी आईनं मला फार झापलं. मी तिला सांगितलं की, अप्पा मागे आलेत हे मला दिसलंच नव्हतं. तिनं मानलं, तुम्हीही मानलंत. दिसला होतात, अप्पा.