किमान सहा नग

३ एप्रिल, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन चौदा महिने झाले, हात रिकामे होते. काल काम आपल्या पायांनी घरात आलं.

सूनबाई समीक्षा आमच्या पुढच्या पडवीत ब्युटी पार्लर चालवते. मुलगा गोव्यात हॉटेलात, पंधरा दिवसांनी येतो. पार्लर देवबागच्या मानाने बरं चालतं. गावातल्या मुली, होमस्टेत उतरलेल्या बायका, आणि आता लग्नाचे मेकअप. काल ती कोल्हापूरच्या सप्लायरशी फोनवर बोलत होती, ते कानावर पडलं. पाच हजारांच्या आत माल घेतला तर साडेतीनशे रुपये डिलिव्हरी चार्ज. दोन हजारांच्या आत तर माल पाठवतच नाहीत. आणि ही "बरा, पाठवा" म्हणाली! घासाघीस नाही, काही नाही.

मी एकतीस वर्षं सरकारी स्टोअरकीपर. फिनेलपासून जीपच्या टायरपर्यंत सगळं मागवलं, भाडं एकदाही दिलं नाही. माल स्टोअरच्या दारात, भाडं पुरवठादाराच्या माथी.

समीक्षाला सांगितलं, यापुढे खरेदी माझ्याकडे. म्हणाली, "नाना, तुमका त्रास कित्याक?"

म्हणजे संमती.

४ एप्रिल

साठा तपासणी. पार्लर चालू असतानाच केली, कारण वापरातला साठाच खरा. शेवंती खुर्चीत होती. एक भुवई झालेली, दुसरी व्हायची. मी कापसाची बंडलं मोजायला आत शिरल्यावर ती पदर सावरत उठली आणि तशीच घरी गेली. समीक्षा तिच्यामागे दोरा घेऊन धावली.

रुक्मिणी म्हणाली, "बायलमाणसांच्या पार्लरात शिरतास, लाज नाय वाटणा?" बायकोला समजावलं की स्टोअरकीपरला स्त्री-पुरुष असा भेद नसतो.

ठराव: कपाटातला माल यापुढे चिठ्ठीवर मिळेल. चिठ्ठीवर तारीख, सही, कारण. कपाटाला डबा टांगला. संध्याकाळपर्यंत एकही चिठ्ठी नाही. सवय लागायला वेळ लागतो.

७ एप्रिल

कोल्हापूरला फोन. एका मुलीने घेतला. म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तसंच आहे." विचारलं, सिस्टीम कोणी केली? माहीत नाही म्हणाली. तिच्या वरिष्ठांचं नाव विचारलं तर गाणं लागलं. अकरा मिनिटं ऐकलं. चाल बरी होती.

मार्ग बदलला. तीन कोटेशनं मागवायची. कोल्हापूर, बेळगाव, मडगाव. तिन्ही पत्रं स्पीड पोस्टाने. पोस्टातला बाबू म्हणाला, "नाना, व्हॉट्सअ‍ॅप करा मां. फुकट जाता." त्याला काय सांगणार? व्हॉट्सअ‍ॅपला जावक क्रमांक नसतो.

१२ एप्रिल

बेळगाव गप्प. मडगावहून व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाचं फूल आणि गुड मॉर्निंग. प्रिंट काढून फाईलला लावलं.

मोठी बातमी. आरोंद्याच्या दीपिकाचं लग्न २ मेला, मेकअपचं काम समीक्षाला मिळालं. नवरी, तिची आई, दोन बहिणी, मावशी. आजवरचं सगळ्यात मोठं काम. आरोंद्याची माणसं सावंतवाडी सोडून आमच्या पडवीत येतात, म्हणजे नाव झालं. समीक्षा दिवसभर गुणगुणत होती. तिने सामानाची यादी केली. मी मागितली. द्यायला तिने थोडा वेळ लावला. हात ओले असावेत.

यादीत फाउंडेशन नावाची वस्तू तीनदा. शेड नंबर ५, ६, ७. एकेक बाटली. सप्लायरचा नियम असा, होलसेल दर हवा तर एका शेडचे किमान सहा नग. सुटी बाटली घेतली की दर चढा, वर डिलिव्हरी. तिच्या पद्धतीने गेलो असतो तर लुटलोच.

१३ एप्रिल, पहाटे ५

तोडगा सापडला. झोपेतून उठून लिहितोय.

तीन शेड हव्यातच कशाला? एकच शेड, सहा नग. कॅटलॉगमध्ये नंबर १ला क्लिअरन्स आहे, दर निम्मा. नंबर १ म्हणजे सगळ्यात फिकी. आमच्या स्टोअरात डिस्टेंपर नेहमी पांढराच मागवत, रंग नंतर मिसळत. पांढऱ्यातून हवा तो रंग होतो. समीक्षा या लाइनीत नवी आहे, तिला हे सुचलं नसणार.

दुपारची भर: आकडा पाच हजारांना टेकेना, म्हणून वॅक्सचे बारा डबे जोडले. ऑर्डर गेली. डिलिव्हरी चार्ज: शून्य.

हे शून्य रुक्मिणीला दाखवलं. ती बांगडे साफ करत होती. "बरा" म्हणाली.

१९ एप्रिल

माल कणकवलीला आला. कणकवलीला! फोनवर कळलं की फुकट डिलिव्हरी गोडाऊनपर्यंतच असते. पुढे देवबागला हवा असेल तर पुढचे पैसे वेगळे. ही अट कॅटलॉगच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात आहे. म्हणजे मला फसवलेलं नाही. माझा चष्मा जुना आहे.

स्वतः गेलो. देवबाग ते मालवण एसटी, मालवण ते कणकवली एसटी, स्टँडवरून रिक्षा. गोडाऊन जेवणासाठी बंद. दीड तास पायरीवर बसलो. उघडल्यावर त्याने ओटीपी मागितला. ओटीपी समीक्षाच्या मोबाईलवर. समीक्षा फेशियलमध्ये, फोन उचलेना. उचलला तोवर ओटीपी बाद. दुसरा मागवला तर नेटवर्क गेलं.

रिकाम्या हाताने परत. तसं म्हणता येणार नाही. जागेची प्राथमिक पाहणी झाली.

२१ एप्रिल

पुन्हा कणकवली. या खेपेस समीक्षाचा मोबाईलच सोबत नेला. ती म्हणत होती, "नाना, गिऱ्हाइकांचे फोन येतत." म्हटलं, मी घेईन. सात आले. चौघींना अपॉइंटमेंट लेखी मागायला सांगितलं.

एक फोन महत्त्वाचा. कोल्हापूरची तीच मुलगी. मॅडमनी सुट्या तीन बाटल्या मागवल्यात, डिलिव्हरी चार्जसह, कन्फर्म करू का? बरं झालं मी होतो! सांगितलं, डुप्लिकेट ऑर्डर आहे, रद्द करा. लगेच केली. या वेळी सिस्टीम आड आली नाही.

हमाल साठ रुपये मागत होता. दिले नाहीत. खोकं स्वतः रिक्षापर्यंत नेलं. कंबर. एसटीत सामानाचं तिकीट पडलं. खोकं खिडकीजवळ, खिडकीत ऊन. वॅक्सच्या चार डब्यांची झाकणं सैल झाली. खोक्याच्या तळातून माझ्या पायजम्यावर, तिथून पायावर. घरी येऊन ओढून काढलं तेव्हा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एक पट्टा साफ झाला. मालाचा दर्जा उत्तम आहे.

रुक्मिणीने विचारलं, दोन्ही खेपांचा खर्च काय झाला? तिला समजावलं की हे डिलिव्हरी चार्ज नव्हेत, हा प्रवासखर्च. लेखाशीर्ष वेगळं.

म्हणाली, "पण खिसो तोच मां?"

रद्द केलेल्या ऑर्डरचं समीक्षाला सांगायचं राहिलं. कंबर फार दुखत होती.

२४ एप्रिल

आज ट्रायल मेकअप. दीपिका आणि तिची आई जानकीबाई आरोंद्याहून गाडी करून आल्या. मी पडवीबाहेर खुर्ची टाकून बसलो. आत बराच वेळ कुजबूज. समीक्षा दोनदा बाहेर येऊन फोन बघून गेली. कसली तरी वाट बघत होती.

पाऊण तासाने दीपिका उजेडात आरसा बघायला बाहेर आली. मुलगी छान सावळी, तरतरीत. आता चेहरा एका माणसाचा आणि गळा दुसऱ्याचा, असं दिसत होतं. समीक्षाने काहीबाही मिसळून पाहिलं होतं. त्यामुळे मध्येच राखेसारखा रंग. दीपिका रागावली नाही. आरशात खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, माका माझोच रंग व्हयो. गोरी करू नकात."

जानकीबाईंनी पर्स उचलली. "आमी सावंतवाडेक बगतंव."

मी उठून डिस्टेंपरचं उदाहरण दिलं. जानकीबाईंनी गाडीचं दार लावून घेतलं. गाडी गेली.

समीक्षाने विचारलं, "नाना, माझ्या मोबाईलवर कोल्हापूरसून फोन इल्लो काय?"

हो म्हटलं. डुप्लिकेट ऑर्डर होती, रद्द केली.

ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. रडली नाही. मग उठून एकेक ब्रश धुतला, पुसला, ओळीत मांडला. जेवताना आमटी नेहमीप्रमाणे पहिली मला वाढली. स्वतःचं ताट घेऊन आत गेली. उन्हाने थकली असावी.

२५ एप्रिल

पार्लर बंद. समीक्षा सकाळच्या एसटीने कुठेतरी गेली. रुक्मिणीला विचारलं तर म्हणाली, "तुमका कित्याक व्हया?"

चिठ्ठ्यांच्या डब्यात आज पहिली चिठ्ठी. "नाना, जेवण झाकून ठेवलंय." तारीख आहे, सही आहे. कारणाचा रकाना कोरा.

दुपारी सप्लायरला पत्र लिहिलं, सहा बाटल्या परत घ्या. फोनवर कळलं, क्लिअरन्सचा माल परत घेत नाहीत. घेतला असता तरी भाडं आपलंच. पत्र तरीही टाकलं.

झोप नीट आली नाही. कंबर.

२६ एप्रिल

काम मी मिळवून देणार असं ठरवून आरोंद्याला गेलो. तीन एसटी बदलल्या. सोबत निवेदन, दोन प्रती. जानकीबाईंनी पाणी दिलं, सरबत दिलं. मी निवेदन काढलं तर म्हणाल्या, "समीक्षा काल येवन गेली ओ. मालवणची संचिता तिच्या वांगडा होती. तिचे बाटले घेवन इल्ली. हयसर अंगणात बसवन परत मेकअप केल्यान. बरी दिसली माझी चेडू."

म्हणजे काम गेलेलं नाही. मालवण बाजारात दुसरं पार्लर चालवणारी संचिता, म्हणजे आमची स्पर्धक, तिच्या बाटल्या घेऊन आली! कोटेशन नाही, काही नाही.

जानकीबाईंनी विचारलं, "पण तुमी कशाक इलात?"

निवेदन पुढे केलं. चष्मा सापडत नाही म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

२७ एप्रिल

सकाळी चहाच्या वेळी समीक्षा समोर येऊन बसली. एरवी बसत नाही.

"नाना, माका तुमचो राग नाय. पण आयका. मी आणि संचिता दोन वर्सां एकत्रच मागवतंव. दोघींचा मिळान पाच हजार होता कधी, कधी नाय होणा. नाय झाला तर चार्ज अर्धोअर्धो भरतंव. माल तिच्याकडे उतरता."

विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुमी इतक्या हौसेन करी होतास. माका सांगवला नाय."

दाराशी रुक्मिणी उभी. तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, पण साडेतीनशे रुपये, फुकटचे!

"फुकटचे नाय, नाना. गिऱ्हाईक खुर्चेत बसला की माका तेच्या रंगाची एक बाटली व्हयी असता. सहा नको असतत. ते साडेतीनशे मी मेकअपाच्या रेटात धरतंय. माज्या खरेदीचा मी बगतंय. तुमी आता ऱ्हवांद्या."

हे ती मान खाली घालून बोलली, आवाज न चढवता. पण शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

मी म्हटलं, बरं. चहा निवला होता.

कपाटाची किल्ली दिली. यात माघार नाही. पदभार हस्तांतर.

३ मे

काल आरोंद्याला लग्न झालं. आम्हीही गेलो होतो. दीपिका स्टेजवर अशी दिसत होती की मला आधी वाटलं हिने मेकअप केलेलाच नाही. रुक्मिणी म्हणाली, तोच तर मेकअप. तिथल्या तिथे दोन बायकांनी समीक्षाचा नंबर घेतला. एकीने मला विचारलं, तुम्ही तिचे कोण? सासरा म्हणून सांगितलं. अजून सांगण्यासारखं बरंच होतं, पण तिला जेवायला बोलावलं.

सहा बाटल्या माझ्या ट्रंकेत आहेत. वॅक्सचे आठ डबे संचिताने खरेदी दराने घेतले. तिने विचारलं, माल मिळाल्याची पावती देऊ का? खरंच द्यायला निघाली होती. नको म्हटलं.

६ मे, दुपारी १२.१५

आता लपवण्यासारखं काही नाही म्हणून समीक्षाने पार्सल थेट देवबागला मागवलंय. कुरिअरवाला पावणेबाराला आला. समीक्षाचे दोन्ही हात कुणाच्या तरी केसांच्या मेंदीत. आतून ओरडली, "नाना, घेतास काय तेवढा?"

छोटं खोकं, तळहाताएवढं. डिलिव्हरी चार्ज साडेतीनशे. माझ्या पाकिटातून दिले. सुटे होते.

तो मोबाईलवर माहिती भरत होता. पार्सल कोणी घेतलं, त्याचे पर्याय वाचून दाखवले. ओनर, फॅमिली, शेजारी, सिक्युरिटी. मी उत्तर देईपर्यंत त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, दाराजवळच्या माझ्या खुर्चीकडे बघितलं, खिशातल्या पेनाकडे बघितलं आणि सिक्युरिटीवर बोट दाबलं. सही करा म्हणाला.

बोटाने काचेवर सही केली. नीट उमटली नाही. त्याने चालेल म्हटलं.

खोकं आत नेऊन दिलं.